वाण की भिशी?

ताई, नमस्कार.

मी सोलापूरची, वय ४७. मिस्टरांचे चादरीचे चार यंत्रमाग आहेत. कधी दोन चालतात, कधी चारही बंद. मागाखाली पडलेलं रंगीत सूत मी गोळा करते. २०२० मध्ये घरात अडकून पडलो होतो तेव्हा त्या सुताचे गोंडे लावून ग्रीटिंगं केली. तेव्हापासून दर दिवाळीला साठेक ग्रीटिंगं हाताने करून नातेवाइकांना, मैत्रिणींना पाठवते. यंदा उत्तरादाखल दोन पत्रं आली, सात फोन आले, बाकी सगळे मोबाइलवर पणत्यांचे फोटो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नऊ मैत्रिणींनी ठरवलं की संक्रांतीला बाजारचं वाण नको, प्रत्येकीने हाताने केलेलं काहीतरी सगळ्यांना द्यायचं. पहिल्या वर्षी मजा आली. दुसऱ्या वर्षी एकीने भरतकाम केलेल्या आठ पिशव्या दिल्या. एकीने तिळाचे लाडू आणले आणि 'हे पण हातचंच की' म्हणाली. एक रिकाम्या हाताने आली आणि सगळं घेऊन गेली. आणि एकीने 'मी केले' म्हणून हलव्याचे दागिने दिले, ते नवी पेठेतून आणलेले होते, एका डब्याखाली किमतीचं लेबल तसंच होतं. ती दिवसभर घरी गणवेश शिवते, वेळ नाही हे मला कळतं, पण मग 'मी केले' कशाला म्हणायचं? पिशव्यावाली सगळ्यांसमोर बोलली. वर्ष झालं, दोघी ग्रुपवर एकमेकींना उत्तर देत नाहीत.

त्यात पुण्याच्या जाऊबाईंना मी दीड महिना खपून गोंड्यांचं तोरण करून दिलं होतं. ते परवा त्यांच्या शेजारणीच्या दारावर दिसलं, फोटोत.

संक्रांत सहा आठवड्यांवर आली. सगळ्या विचारताहेत, यंदा काय? बंद करू का हे सगळं? आणि एक बारीकसं: गोंडे फेविकॉलने चिकटवले की काठीसारखे कडक होतात, त्याला काय करायचं?

गोंडेवाली, सोलापूर



गोंडेवाली ताई,

बंद करू नका. पण गेल्या वर्षीसारखंही करू नका, नाहीतर पुढच्या डिसेंबरात मला पिशव्यावालीचं पत्र येईल.

आधी हिशेब मांडू, कारण तुमच्या नऊ जणींत तो कुणीच मांडलेला दिसत नाही. प्रत्येकीने बाकीच्या आठ जणींना एकेक वस्तू द्यायची म्हणजे नऊ आठे बहात्तर. एका संक्रांतीला ७२ वस्तू! एका पिशवीच्या भरतकामाला दोन संध्याकाळी धरा, तरी त्या बाईच्या सोळा संध्याकाळी गेल्या. जेवणखाण उरकून, भांडी आवरून, ट्यूबलाइटखाली डोळे बारीक करून काढलेल्या सोळा संध्याकाळी. तिच्या मांडीवर कुणी लेबल लागलेला डबा ठेवला तर ती बोलणारच. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे खरं. पण मला तिचा राग येत नाही. सोळा संध्याकाळी बिनबोलता देणारी बाई मी तरी पाहिलेली नाही, मी स्वतः धरून.

तुमचं घोडं अडलं कुठे, सांगते. तुम्ही वाण आणि भिशी एकत्र कालवलंत.

वाण आपण लुटतो. शब्दच तसा आहे. सुगडात ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, ओंब्या, तिळगूळ घालायचे, जी दारात येईल तिच्या ओटीत टाकायचं, आणि पुढच्या घरी आपली ओटी पुढे करायची. कुणाचं बोर मोठं, कुणाचा ऊस किडका, हे कोण बघतं? पुढे स्टीलच्या वाट्या आल्या, मग प्लास्टिकचे डबे, मग कापडी पर्स. तरी रीत तीच राहिली, तुमची वाटी माझ्याकडे, माझी गाळणी तुमच्याकडे, आणि दोन वर्षांनी तीच गाळणी फिरत फिरत माझ्याच दारात. माझी आली होती. तिच्या दांड्याला मीच वितळवलेला डाग होता.

भिशीचं तसं नसतं. तिथे आकडा ठरलेला, तारीख ठरलेली, चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडायची, आणि एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचं. यात वावगं काही नाही, सोलापुरातल्या निम्म्या शिलाई मशिनी आणि फ्रिज भिशीतून आलेत. पण तुम्ही वाणाच्या नावाखाली भिशी सुरू केलीत आणि भिशीचा एकही नियम घातला नाहीत. किती द्यायचं, किती वेळ घालायचा, काय चालेल, जमलं नाही तर काय, काहीच ठरलेलं नव्हतं. मग प्रत्येकीने आपापला नियम मनात केला आणि दुसरीला त्यात नापास केलं.

तेव्हा यंदा उघड भिशी करा. नऊ नावांच्या चिठ्ठ्या टाका. प्रत्येकीने एकच चिठ्ठी उचलायची, एकीसाठी एकच वस्तू करायची. ७२ च्या जागी ९ वस्तू झाल्या. सामानाचा खर्च शंभर रुपयांच्या वर नको, आणि दोन-तीन संध्याकाळींच्या वर वेळ नको. कोणाच्या चिठ्ठीत कोण हे गुपित ठेवायचं का, यावर तुमच्या ग्रुपवर वाद होईल. ठेवू नका. मला ते आश्चर्याचे धक्के देणं कधी पटलेलं नाही. उघड असलं की विचारता येतं, 'तुला काय हवंय?' ती म्हणेल, 'किल्ल्या कायम हरवतात, अडकवायला काहीतरी कर.' मग तिच्या दाराशी जे टांगलेलं राहील ते तिच्या हाताला रोज लागेल. तुम्ही स्वतः एक वस्तू जास्तीची करून ठेवा. ऐनवेळी कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाला जमलंच नाही, तर ती निमूट पुढे करायची. रिकाम्या हाताने येणारी दर ग्रुपमध्ये एक असतेच. या पद्धतीत तिच्यामुळे फार तर एकीचं नुकसान होतं, आणि ते तुम्ही भरून काढलेलं असतं. तिच्यावर याहून जास्त शब्द मी खर्च करणार नाही.

लाडूवालीवर मात्र करणार, कारण तुमच्या पत्रात तिच्याबद्दल जरा नाक मुरडलेलं दिसलं. लाडू हातचेच असतात. तीळ भाजताना एक क्षण मान वळली तर कडू होतात, आणि गुळाचा पाक पुढे गेला तर लाडूला वरवंटा लागतो. तुमच्या गल्लीत कन्नड बोलणारी घरं असणारच, सोलापुरात कुठे नसतात? त्यांच्याकडे संक्रांतीचं एळ्ळू-बेल्ला बघा. तीळ, शेंगदाणे, डाळं, आणि सुकं खोबरं नि गूळ यांचे इवलेइवले एकसारखे तुकडे. ते कापायला घरातल्या बायका आधीचे कितीतरी दिवस दुपारच्या बसतात. देताना म्हणतात, 'एळ्ळू-बेल्ला तिंदु ओळ्ळे मातनाडी', म्हणजे आपलंच, तिळगूळ घ्या, गोड बोला. ते खाऊन संपतं म्हणून त्याला कुणी हस्तकला म्हणत नाही, एवढंच. माझ्या मते भेटीची सगळ्यात सोयीची वस्तू तीच. ठेवायला जागा लागत नाही, झटकायला लागत नाही, आणि डबा परत करताना पुन्हा एक भेट होते.

आता गणवेशवाली.

तिच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, 'दिवसभर घरी गणवेश शिवते', आणि पुढे गेलात. मी त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. नगावर शिवणारी बाई म्हणजे काय, हे सोलापूरच्या बाईला मी सांगावं असं नाही. कॉलरवर नग, शर्टवर नग, विडी वळणारीला हजारावर मजुरी, तसं हिला नगावर. ज्या हातांचा हिशेब सकाळपासून दुसरं कुणी ठेवतंय, त्या हातांना रात्री 'आता हौसेने काहीतरी करा' म्हणायचं? तुमची हौस खरी आहे, पण तुमचे गोंडे कुणी मोजून घेत नाही. तिच्याकडे वेळ असता तरी मला वाटत नाही तिने सुई उचलली असती.

मग खोटं कशाला बोलली? कारण तुमच्या नियमात तिला दुसरं दार नव्हतं. 'हातचंच हवं' म्हटल्यावर 'माझ्याने होणार नाही' म्हणायला नऊ जणींत धीर लागतो. आणि ते लेबल. लबाड बाई सगळ्यात आधी लेबल काढते हो! जिने एक डबा उलटा करूनसुद्धा बघितला नाही तिने ते कसे घाईत पिशवीत कोंबले असतील, बघा.

त्यात तिने आणलं काय, तर हलव्याचे दागिने. तो हलवा कसा होतो ते तुम्ही घरी पाहिलंय का? माझी आजी करायची. पितळेची परात मंद निखाऱ्यावर, त्यात मूठभर तीळ, कधी खसखस, कधी साबुदाणा. शेजारी साखरेचा पाक, दूध घालून मळी काढलेला. चमच्याने पाक घालायचा, अगदी थोडा, आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. थांबलं की गोळा होतो, जास्त पाक पडला की गोळा होतो, निखारा फुलला की करपतं. एक पुट वाळलं की दुसरं. थंडी कोरडी असली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्याला काटा फुटायला लागतो, बारीक, पांढरा. आजीच्या बोटांची टोकं त्या दिवसांत लाल असायची आणि आम्हाला परातीजवळ शिंकायचीही बंदी होती. एवढं झालं की मग ते दाणे दोऱ्यात ओवून, सोनेरी कागदावर चिकटवून मंगळसूत्र, बाजूबंद, बोरन्हाणाच्या बाळाचा मुकुट आणि बासरी, नव्या जावयाचा नारळ. आणि जावयाचं मनगटी घड्याळ! हलव्याच्या घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं का झालेली असतात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सांगायचं हे की नवी पेठेतला तो डबाही कुणा ना कुणा बाईच्या बोटांनीच भरलेला असणार. 'मी केले' हे खोटं होतं, 'हातचे आहेत' हे बहुधा खोटं नव्हतं. आपण तर अशा गावातले, जिथल्या चादरीचं नाव लावून दुसरीकडचा माल देशभर विकला जातो, त्यामुळे नावाच्या खोटेपणाची आपल्याला चीड जास्त. ती असावीच. पण तुमचं सूतही यंत्रमागाखालचं आहे. कार्डावर 'हातमागाचं सूत' असं तुम्ही लिहीत नसाल, ही माझी खात्री.

तेव्हा यंदा एक नियम सरळ घाला: विकत आणलेलं चालेल, फक्त 'विकत आणलं' असं सांगायचं, आणि कुठल्यातरी हाताने केलेलं असावं. आणि चिठ्ठ्यांच्या आधी एकदा तिच्या घरी जा. ग्रुपवर काही लिहू नका, ग्रुपवर लिहिलेलं आठ जणी वाचतात आणि नवव्या दिवशी कुणीतरी स्क्रीनशॉट काढतं. घरी जा, चहा घ्या, लेबलाचा विषय काढू नका. तिच्याकडे कात्रण मागा. गणवेशाच्या कापडाच्या पट्ट्या असतील, निळ्या, खाकी, चौकटीच्या, पोत्यात भरून कोपऱ्यात पडलेल्या. तुमच्या ग्रीटिंगांना सुताबरोबर कापडाचा तुकडा फार छान दिसेल. तिला म्हणा, 'यंदा तू काही करू नकोस, मला कात्रण दे, तेच तुझं.' आणि संक्रांतीला सगळ्यांसमोर सांगायला विसरू नका की कापड हिचं आहे.

पिशव्यावाली आणि ती, या दोघींच्या चिठ्ठ्यांत जरा लबाडी करून एकीला दुसरीचं नाव येईल असं करा, असं मी आधी लिहिलं होतं. मग खोडलं. सिनेमात जमतं ते. प्रत्यक्षात पिशव्यावालीला कळेल, आणि मग तुम्हीही त्या ग्रुपवर उत्तर न देणाऱ्यांत जाल. तिला फक्त एवढं विचारा, 'सोळा संध्याकाळी लागल्या का गं?' कुणीच विचारलं नसणार. मी पैज लावते, ती तुम्हाला अर्धा तास सांगेल.

आता तोरण. इथे मला माझं एक सांगावं लागेल.

माझ्या मावशीने माझ्या लग्नात टीव्हीवर घालायला क्रोशाचा रुमाल दिला होता. पांढरा, कडेने मोरांची रांग. मी फार कौतुक केलं. मग दर दिवाळीला एक रुमाल यायला लागला. कधी मोर, कधी कमळ, कधी अननस. पुढे घरात भिंतीवरचा टीव्ही आला. त्याला वर टेकायला जागाच नाही, रुमाल घसरून मागे पडतो. अकरा रुमाल पत्र्याच्या ट्रंकेत गेले. मावशी येणार कळलं की एक काढायचा, फ्रिजवर पसरायचा, ती गेली की घडी घालून परत. एकदा ती न कळवता आली. फ्रिजवर औषधांच्या बाटल्या आणि विजेचं बिल. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि सरळच विचारलं, 'रुमाल कुठायत?' मी ट्रंक उघडली. ती कॉटवर बसली, एकेक रुमाल मांडीवर घेतला, आणि म्हणाली, 'मला वाटलं तुला आवडतात.' मी म्हटलं, 'मला वाटलं तुला करायला आवडतात.' तर म्हणते, 'मोतीबिंदू पिकत आलाय माझा. तुझ्यासाठी म्हणून करत होते, नाहीतर तीन वर्षांपूर्वीच सुई ठेवली असती.'

त्या दिवसापासून तिने रुमाल बंद केले. आता दर दिवाळीला ती फोन करते आणि पाऊण तास बोलते, जो मला खरोखर हवा होता.

तुमच्या जाऊबाईंनी तोरण शेजारणीला का दिलं, मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. दाराच्या मापाला लांब झालं असेल. जाळीच्या दारात अडकत असेल. शेजारणीने 'किती सुंदर' म्हटल्यावर त्यांच्या तोंडून 'घ्या तुम्हाला' निघून गेलं असेल. किंवा आवडलंच नसेल, तेही असू शकतं. दिलेली वस्तू दिलेली, हे मला पटतं. नवरात्रात तुमच्या पूर्व भागात बतुकम्मा मांडतात ती पाहिली असेल. तरवडाची पिवळी फुलं, कुर्डू, झेंडू, ताटात थरावर थर लावून देवळासारखा उंच मनोरा करायचा, भोवती टाळ्या वाजवत तेलुगू गाणी म्हणायची, आणि संध्याकाळी पाण्यात सोडून मोकळ्या हातांनी घरी यायचं. त्या बायकांना पाहिलं की हेवा वाटतो. पण तोरण म्हणजे बतुकम्मा नव्हे, तुमचा दीड महिना गेलाय त्यात, तेव्हा वाईट वाटलं हेही बरोबर. फक्त मनात धरून बसू नका. फोन करा. 'वहिनी, शेजारच्यांच्या दारावर तोरण बघितलं, छान दिसतंय. तुमच्या दाराला लांब झालं का?' एवढंच, आणि गप्प बसा. त्या काय बोलतील ते ऐका. आणि पुढचं काही करायचं असेल तर आधी माप मागा. माप मागितलं की 'नको गं, राहू दे' म्हणायची समोरच्याला संधी मिळते, आणि ती त्यांनी घेतली तर तुमचा दीड महिना वाचतो.

राहिली ग्रीटिंगं. साठ पाठवली, नऊ जणांनी माणसासारखं उत्तर दिलं. तुम्हाला हे कमी वाटतं, मला नाही. पण मला एक विचारायचंय. गोंड्यांबद्दल तुम्ही सगळं लिहिलंत, आत काय लिहिलं होतं ते नाही लिहिलंत. 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा, आपले अमुक परिवार', इतकंच असेल तर त्याला पणत्यांचा फोटो हे उत्तर बरोबरीचंच झालं. रागावू नका. सणाचं छापील कार्ड जन्मालाच आलं ते या कारणाने. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थांकडे नाताळात उत्तरं द्यायच्या पत्रांचा ढीग साचला. प्रत्येकाला लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याची कार्डं छापून घेतली. पहिलं नाताळचं कार्ड म्हणतात ते हेच. त्यात कुटुंबातलं लहान मूलही वाइनचा घोट घेताना दाखवलंय म्हणून तेव्हा लोक भडकले होते, ते वेगळं. म्हणजे लिहायचा कंटाळा म्हणून कार्ड निघालं, आणि तुम्ही ते कार्ड हाताने करून लिहायचा भाग मात्र छापील ठेवलात.

पुढच्या दिवाळीला पंधराच करा. ज्यांना लिहायला तुमच्याकडे तीन ओळी आहेत त्यांनाच. 'तुमच्याकडच्या शेंगा चटणीची आठवण आली, यंदा शेंगा कडू निघाल्या', अशा. बाकीच्या पंचेचाळीस जणांना पणत्यांचा फोटो पाठवा, त्यांचं काही बिघडत नाही. आणि जे म्हातारे आहेत, ज्यांना मोबाइलवर लिहिता येत नाही, त्यांच्या पाकिटात एक कोरं पोस्टकार्ड घाला, त्यावर तुमचा पत्ता आणि पिनकोड आधीच लिहून. पूर्वी जोडकार्ड मिळायचं ना, तसं. पोस्टकार्ड पन्नास पैशांचं. काकांना फक्त दोन ओळी खरडून नातवाकरवी पेटीत टाकायच्या आहेत. येतं उत्तर, मी करून पाहिलंय. एकदा तर कार्डावर फक्त 'गुडघा दुखतो. बाकी ठीक.' एवढंच आलं. ते मी अजून ठेवलंय. पिनकोड मात्र गाळू नका. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो आपल्याकडे आहे आणि बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपल्या मराठी माणसाने. सारख्या नावांच्या गावांत पत्रं भटकू नयेत म्हणूनच तर केला.

गोंडेवालं पाकीट पेटीत टाकू नका. साध्या पाकिटाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट पुरतं, पण जाड कार्ड, गोंडा आणि आत पोस्टकार्ड म्हणजे तेवढ्यात बसेलच असं नाही. किराणावाल्याच्या काट्यावर एक पाकीट तोलून बघा, किंवा सरळ पोस्टाच्या खिडकीवर द्या आणि 'शिक्का हाताने मारा हो' म्हणा. गोंडा कार्डाच्या बाहेर ठेवायचा मोह होतो, आत दुमडलेल्या बाजूला ठेवा, बाहेर चपटा होऊन पोहोचतो.

तारखेचं एक. चिठ्ठ्या आत्ताच टाका, पण वस्तू द्यायचा कार्यक्रम गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, गर्दीत ठेवू नका. भोगीला अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम, घरात पाहुणे, पोरांना गड्ड्यावर पाळण्यात बसायचं असतं. त्यात नऊ जणी एका वेळी जमणार कशा? हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. त्यातला एखादा निवांत मंगळवार किंवा शुक्रवार धरा, आणि गणवेशवालीची सुट्टी बघून धरा.

फेविकॉलचं म्हणाल तर, विणायच्या आधी सुताला खळ देतात ती कशासाठी, हे मिस्टरांना विचारा. मागावर घासून सूत तुटू नये म्हणून, आणि त्या खळीने ते ताठही होतं. पांढरा गोंद सुतात मुरला की तेच होतं. म्हणून गोंड्याला गोंद लावायचाच नाही. चार बोटं रुंद पुठ्ठ्यावर सुताचे चाळीसेक वेढे घ्या, वरून दोरा ओवून गच्च गाठ मारा, खालून कापा, मानेला दुसरा दोरा गुंडाळा. वरच्या गाठीची दोन्ही टोकं मात्र कापू नका, वीतभर लांब सोडा. कार्डाला दाभणाने तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर दोन भोकं पाडा, टोकं मागे ओढून घ्या, तिथे गाठ. गाठीवर पातळ कागदाचा तुकडा खळीने चिकटवला की मागची बाजूही साफ. शेवटी गोंडा जुन्या कंगव्याने विंचरा आणि कात्रीने एकसारखा करा. लाल आणि जांभळ्या सुताचा एक तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा. रंग सुटत असेल तर ते सूत कार्डाला नको, पाकिटात ओल शिरली की सगळं गुलाबी होतं.

आणि तो कागदाचा तुकडा चिकटवायच्या आधी त्यावर पेन्सिलीने लिहा, सूत कुठल्या चादरीचं आहे ते.